विमानं इतक्या लवकर का संपतात? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आपण घरच्या घरी हवाई लढाईचा वॉरगेम कसा बसवायचा ते बघितलं होतं, म्हणजे षटकोनी घरांचा नकाशा, कार्डशीटचे काउंटर (म्हणजे विमानांच्या सोंगट्या), दोन फासे आणि एक रूलशीट, बस्स. त्यावर पत्रं आणि मेसेज आले ते बहुतेक खान्देशातूनच, आणि जवळजवळ सगळ्यांचं दुखणं एकच, की गेम तर रंगतो पण विमानं पडतात ती खऱ्या इतिहासासारखी पडत नाहीत. हा प्रश्न मला स्वतःला फार जवळचा वाटतो, म्हणून यावेळी सगळं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, जळगाव): दादा, आम्ही चार मित्र हॉस्टेलवर १९४० ची ब्रिटनवरची हवाई लढाई खेळतो. एका स्क्वाड्रनला १२ विमानं, आणि लढत झाली की प्रत्येक विमानासाठी एक फासा, ५ किंवा ६ पडले की विमान गेलं. जुलैपासून सुरू करतो आणि ऑगस्ट लागायच्या आत दोन्हीकडची विमानं साफ भो! खरी लढाई तर ऑक्टोबरपर्यंत चालली ना. चुकतंय कुठे?

उत्तर: फाशातच चुकतंय. ५ किंवा ६ म्हणजे सहातले दोन, म्हणजे दर लढतीला ३३ टक्के विमानं जाणार. १२ ची ८, मग ५, मग ३ आणि चौथ्या लढतीनंतर स्क्वाड्रनमध्ये दोन विमानं. आता खऱ्या युद्धातले सगळ्यात वाईट दिवस शेजारी ठेवून बघा. १४ ऑक्टोबर १९४३ ला अमेरिकेनं जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या बॉलबेअरिंग कारखान्यांवर २९१ बी-१७ बॉम्बर पाठवली, त्यातली ६० परत आलीच नाहीत. हे २० टक्क्यांच्या थोडं वर झालं, आणि तेवढ्यावरच अमेरिकेनं फायटरच्या सोबतीशिवाय जर्मनीत खोल घुसणं थांबवलं ते पुढे लांब पल्ल्याची फायटर हाताशी येईपर्यंत. ३० मार्च १९४४ च्या रात्री ब्रिटिशांनी न्यूरेंबर्गवर ७९५ विमानं पाठवली, ९५ गेली, म्हणजे १२ टक्के, आणि त्यांच्या बॉम्बर कमांडसाठी ती अख्ख्या युद्धातली सगळ्यात वाईट रात्र ठरली. तुमच्या गेममध्ये मात्र रोजच्या साध्या लढतीचा दर श्वाइनफुर्टच्या दीडपट आहे, मग विमानं उरतील कशी?

खरं गणित असं चालतं की एका फेरीचं नुकसान छोटं दिसतं आणि फेऱ्या साठत गेल्या की ते माणसं खाऊन टाकतं. ब्रिटिश बॉम्बरच्या क्रूला ३० फेऱ्या पूर्ण कराव्या लागायच्या. दर फेरीला ४ टक्के नुकसान धरा, ऐकायला काहीच वाटत नाही, पण ०.९६ ला स्वतःनंच तीस वेळा गुणलं की ०.२९ येतं, म्हणजे शंभर क्रूपैकी २९ शेवटपर्यंत पोचणार. बॉम्बर कमांडच्या सुमारे सव्वा लाख वैमानिक आणि क्रूपैकी ५५,५७३ जण मेले, ते असे हळूहळू. गेममध्ये हा हळूहळूपणाच आणायचा आहे, तो एकदा आला की बाकीचं आपोआप येतं.

आता टेबल. प्रत्येक विमानाला फासा टाकणं सोडा, अख्ख्या स्क्वाड्रनला मिळून दोन फासे एकदाच टाका आणि बेरीज बघा. २ ते ५ आलं तर काही झालं नाही. ६ किंवा ७ आलं तर स्क्वाड्रन विखुरलं, आजच्या दिवसात परत लढणार नाही. ८ ला एक विमान जखमी होऊन दुरुस्तीच्या खान्यात. ९ किंवा १० ला एक विमान गेलं, ११ ला दोन, १२ ला तीन. मी शक्यता मांडून बघितल्या, सरासरी एका लढतीला १२ विमानांमागे ०.३९ विमान जातं, म्हणजे साधारण ३ टक्के. शत्रू वरून, सूर्याच्या बाजूनं, न दिसता आला तर +१ द्या, दर साडेपाच टक्क्यांवर जातो. शत्रू दुपटीनं जास्त असेल तर अजून +१, मग साडेआठ टक्के. +२ च्या वर मात्र जाऊ देऊ नका, तुमच्यातला कोणीतरी हुशार मित्र हे मॉडिफायर (म्हणजे +१, +२) साठवत साठवत परत श्वाइनफुर्टला नेऊन ठेवेल.

त्यातला "विखुरलं" हा निकाल फालतू समजू नका, सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. खऱ्या आकाशात बहुतेक लढती कोणी न मरताच संपायच्या, दोन-चार मिनिटांची गडबड, मग आजूबाजूला बघावं तर आकाश रिकामं. बॉम्बर विखुरले की बॉम्ब भलतीकडेच पडले, म्हणजे बचाव करणाऱ्याचं काम एकही विमान न पाडता झालं. जर्मन खेळाडूला अजून एक बंधन घाला. त्यांच्या मेसरश्मिट १०९ फायटरला फ्रान्सहून येऊन लंडनवर जेमतेम दहा-वीस मिनिटं थांबता यायचं, तेवढंच पेट्रोल. म्हणून लंडनच्या घरांमध्ये जर्मन फायटरला दोनच टर्न द्या, तिसऱ्या टर्नला बॉम्बरना एकटं सोडून परत जावंच लागेल, आणि नाही गेला तर घरी जाताना इंग्लिश खाडीत उतरण्याचा फासा टाकावा लागेल.

प्रश्न (रेल्वेतून रिटायर झालेले वाचक, भुसावळ): आमच्या नातवांबरोबर खेळतो. विमान पडलं की पायलट पण मेला असं धरायचं का? आणि नवीन विमान मिळालं की त्याच्याबरोबर पायलट फुकट मिळतो का? मला हे पटत नाही.

उत्तर: काका, तुम्हाला पटत नाही ते अगदी बरोबर आहे, इंजिन शेडमध्ये इंजिन आलं म्हणून ड्रायव्हर तयार होत नाही हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटिश कारखाने महिन्याला ४०० च्या वर फायटर बनवत होते, जर्मनीपेक्षा कितीतरी जास्त. विमानं होती, पायलट कमी पडत होते. सप्टेंबरमध्ये ब्रिटिश फायटर दलाचे प्रमुख एअर चीफ मार्शल डाउडिंग यांना स्क्वाड्रनचे अ, ब, क असे वर्ग पाडावे लागले, मुरलेले पायलट काढून आग्नेयेकडच्या अ वर्गात पाठवायचे आणि क वर्गात नवीन पोरांना शिकवत बसायचं.

म्हणून दोन वेगळे खाने ठेवा, एक विमानांचा, एक पायलटांचा, आणि दोन्हीत जे कमी असेल तेवढीच विमानं उडणार. विमान पडलं की पायलटसाठी वेगळा फासा टाका, आणि कुठे पडलं ते बघा. स्वतःच्या जमिनीवर पडलं तर १ ते ३ ला पायलट उद्या परत हजर (केंटमधल्या शेतात छत्रीनं उतरलेले ब्रिटिश पायलट खरंच त्याच दिवशी परत यायचे), ४ ला दवाखान्यात, ५-६ ला गेला. शत्रूच्या जमिनीवर पडलं तर जिवंत असो नसो, तुमच्या हिशोबातून गेलाच, कैदी झाला. समुद्रात पडलं तर कोणाची बोट किंवा सीप्लेन जवळ आहे त्यावर. या एकाच नियमानं १९४० चा निकाल बराचसा समजतो, कारण ब्रिटनच्या जमिनीवर पडलेला जर्मनीचा प्रत्येक पायलट कायमचा जात होता आणि ब्रिटनचे बरेचसे परत येत होते.

पायलटांचे तीन दर्जे करा, नवखा, मुरलेला आणि स्क्वाड्रनमागे एखादा उस्ताद. नवख्याला पहिल्या काही फेऱ्यांत टेबलवर +१, त्या फेऱ्या पार पडल्या की मुरलेला. उस्ताद मेला की त्याची जागा महिनाभर रिकामी. नातवंडं मोठी असतील तर त्यांना जपानचं उदाहरण सांगा. १९ जून १९४४ ला फिलिपीन समुद्रातल्या लढाईत जपानची ३०० च्या आसपास विमानं गेली, अमेरिकेची तीसेक. जपानकडे त्यानंतरही मोठमोठ्या विमानवाहू बोटी शिल्लक होत्या, पण ऑक्टोबरमध्ये फिलिपीन्समधल्या लेतेच्या लढाईत त्या फक्त आमिष म्हणून पाठवाव्या लागल्या, त्यांच्यावरून विमान उडवायला शिकलेले पायलटच उरले नव्हते. तुमचा खाना हेच दाखवेल, विमानांचा भरलेला आणि पायलटांचा रिकामा.

प्रश्न (माध्यमिक शाळेतले शिक्षक, धुळे): मला १९६५ आणि १९७१ चा गेम बनवायचा आहे, मुलांना आपल्या हवाई दलाचा इतिहास त्यातून कळेल. पण अडचण अशी की आपण सांगतो तो आकडा वेगळा आणि पाकिस्तान सांगतो तो वेगळा. कोणता आकडा धरून टेबल बनवू?

उत्तर: सर, तुमचा प्रश्न सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडलेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, दावे फुगतात ते फक्त खोटेपणामुळे नाही. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटननं जाहीर केलं की आज १८५ जर्मन विमानं पाडली. युद्धानंतर जर्मन कागद बघितले तर खरी पडलेली साठच्या आसपास निघाली, म्हणजे तिप्पट फरक, आणि तरीही तो दिवस ब्रिटननं खरंच जिंकलेला होता. एका विमानावर तीन पायलट गोळ्या झाडतात, ते धूर सोडत ढगात जातं, तिघंही प्रामाणिकपणे घरी येऊन सांगतात की मी पाडलं. आपल्याकडे २२ नोव्हेंबर १९७१ ला पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर बोयराच्या आकाशात आपल्या चार नॅट विमानांनी पाकिस्तानी सेबर फायटर गाठली. आपला दावा तीन सेबरचा. दोन पायलट छत्रीनं आपल्या बाजूला उतरले आणि पकडले गेले, तिसरं विमान मार खाऊनही परत पोचलं असं पाकिस्तान सांगतो. (पकडलेल्यांपैकी परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. पायलट पकडला गेला की विमानांच्या आकड्यावर कोणी वाद घालत नाही, हा पुरावा पक्का.)

म्हणून एका आकड्यावर अडून बसू नका, दावा आणि खरं हे दोन्ही गेममध्ये आणा. एका मुलाला पंच करा. खरे निकाल त्याच्या वहीत, खेळाडूंना तो फक्त दावा सांगणार. पद्धत सोपी: टेबलवर शत्रूचं विमान जखमी झालं किंवा स्क्वाड्रन विखुरलं की पंच लपून एक फासा टाकेल, १ ते ३ आलं तर समोरच्याला सांगेल "एक पाडलं". त्याच लढतीत तुमचे दोन स्क्वाड्रन असतील तर दोघांनाही तेच विमान सांगितलं जाईल. खेळाडू स्वतःच्या फळ्यावर बेरीज करत बसेल, चौथ्या दिवशी त्याला वाटेल की शत्रू संपला, आणि पाचव्या दिवशी समोरून परत बारा सेबर येतील. वर्गातल्या मुलांना हे एकदा अनुभवलं की पेपरातले युद्धाचे आकडे ती कायम वेगळ्या नजरेनं वाचतील.

दुसरी गोष्ट, १९६५ मध्ये आपलं नुकसान बघताना आकाशापेक्षा जमिनीकडे जास्त बघा. १ सप्टेंबरला जम्मूतल्या छांबमध्ये आपण पठाणकोटहून जुनी व्हॅम्पायर विमानं पाठवली आणि त्यातली चार गेली, त्यानंतर व्हॅम्पायर पुढच्या फळीतून काढलीच. दोनच दिवसांनी, ३ सप्टेंबरला, ट्रेव्हर कीलर यांनी नॅटमधून सेबरवर विजय मिळवला, त्यामुळे नॅट विरुद्ध सेबर ही लढत मुलांना पाठ असते. पण ६ सप्टेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी सेबर पठाणकोटवर आली आणि उभ्या असलेल्या विमानांपैकी दहाच्या आसपास जाळून गेली, त्यात दोन नवीकोरी मिग-२१ होती. दुसऱ्या दिवशी ढाक्याहून आलेल्या सेबरनी बंगालमध्ये कलाईकुंडाला उभी असलेली कॅनबेरा बॉम्बर जाळली. त्याच दिवशी सेबर परत आली तेव्हा मात्र आपले पायलट आल्फ्रेड कुक आणि ममगाईं यांची हंटर फायटर वर होती आणि तिथे सेबरना मार बसला. एक बेस, एक दिवस, पहिल्या फेरीत विमानं जमिनीवर, दुसऱ्या फेरीत आकाशात, आणि निकाल एकदम उलटा.

तर तुमच्या रूलशीटमध्ये जमिनीवरच्या विमानांसाठी वेगळं टेबल हवंच. उभ्या असलेल्या विमानांची तीन अवस्थांत नोंद ठेवा, उघड्यावर रांगेत, पांगवून ठेवलेली आणि आडोशाच्या पेनमध्ये (म्हणजे विमान ठेवायला भिंती घालून केलेल्या खोपीत). हल्ला अचानक झाला आणि विमानं रांगेत असतील तर दोन फासे टाका आणि बेरजेएवढी विमानं गेली समजा, हो, एवढी, कारण ५ जून १९६७ ला इस्रायलनं इजिप्तची सुमारे ३०० विमानं अशीच बहुतेक जमिनीवरच संपवली. पांगवलेली असतील तर बेरजेच्या पाव, पेनमध्ये असतील तर फक्त ११-१२ ला एक. पेन बांधायला खेळाडूला आधीच गुण खर्च करू द्या. १९६५ चा धडा घेऊन आपण पेन बांधली, विमानं पांगवली, आणि ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्ताननं आपल्या बेसवर हल्ले केले तेव्हा हाती फारसं काही लागलं नाही. दोन गेम ओळीनं खेळवले तर हा फरक मुलं स्वतःच शोधून काढतील, तुम्हाला फळ्यावर काही लिहावं लागणार नाही.

आणि रनवे विसरू नका. पूर्व पाकिस्तानात त्यांचा एकच सेबर स्क्वाड्रन होता, ढाक्याच्या तेजगाव बेसवर. आपल्या मिग-२१ नी ६ डिसेंबरला ५०० किलोचे बॉम्ब टाकून तिथला रनवे खोदून काढला, दुरुस्त करायला घेतला की परत खोदला, आणि त्यानंतर त्या सेबर उडाल्याच नाहीत. शेवटी शरण जायच्या आधी त्यांनी स्वतःच त्या निकामी केल्या. म्हणजे विमानं पाडली नाहीत, तरी शत्रूच्या खात्यात शून्य. गेममध्ये रनवेला तीन खड्डे झाले की बेस बंद, रात्रीच्या टर्नला एक खड्डा बुजतो, असं ठेवा.

प्रश्न (वाचनालयात मुलांचा गेम क्लब चालवणाऱ्या ताई, चोपडा): आम्ही अपघाताचा नियम घातला, दर टर्नला फासा टाकायचा आणि १ आला की एक विमान कोसळलं. मुलं इतकी चिडतात की विचारू नका, "शत्रूनं मारलं तर चालेल, असं फुकट का जातं" म्हणतात. नियम काढून टाकू का?

उत्तर: ताई, काढू नका, फक्त जागा बदला. रावेर-सावद्याहून केळीचा ट्रक दिल्लीला निघतो तेव्हा व्यापारी वाटेतली घट धरूनच हिशोब करतो, युद्धातलं हवाई दलही तसंच घट धरून चालतं. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिशांच्या सी हॅरिअर विमानांनी आकाशातल्या लढतींत अर्जेंटिनाची वीसेक विमानं पाडली आणि समोरासमोरच्या अशा लढतीत स्वतःचं एकही गमावलं नाही. तरी त्यांची सहा सी हॅरिअर गेली. दोन जमिनीवरच्या माऱ्यानं, एक ४ मेला गूज ग्रीनजवळ, एक १ जूनला क्षेपणास्त्रानं. राहिलेली चार? ६ मेला दोन विमानं धुक्यात, वाईट हवेत गेली ती परतलीच नाहीत, बहुतेक एकमेकांवर आपटली. २३ मेला एक उडाल्याउडाल्या समुद्रात पडलं. आणि २९ मेला एक विमान उड्डाणासाठी डेकवर उभं असताना बोट खवळलेल्या समुद्रात वळली, डेक कलला आणि ते घसरत जाऊन पाण्यात पडलं, पायलट इजेक्ट होऊन वाचला. मुलांना हे तीन प्रसंग सांगून बघा, चिडायची ती गप्प होऊन ऐकतील.

पण त्यांच्या चिडण्यात एक खरी गोष्ट आहे, आपल्या हातात काहीच नसताना मार बसला की कोणालाही अन्याय वाटतो. म्हणून अपघाताचा फासा दर टर्नला नको, खेळाडूनं स्वतः ताण दिला तेव्हाच. एकाच दिवसात स्क्वाड्रनला तिसऱ्यांदा उडवलं, वाईट हवेत उडवलं, रात्री उतरवलं, अर्धवट दुरुस्त विमान पाठवलं, किंवा पेट्रोलच्या मर्यादेपलीकडे नेलं, तर दोन फासे, १२ ला एक विमान गेलं. यातल्या दोन गोष्टी एकदम केल्या तर ११ आणि १२, तीन केल्या तर १० पासून. मग मूल स्वतः ठरवेल की हा धोका घ्यायचा का, आणि विमान गेलं तरी कोणाला बोलणार नाही.

मोठ्या मुलांसाठी २० जून १९४४ चा छोटा गेम बसवा. अमेरिकन बोटींवरून संध्याकाळी २१६ विमानं जपानी बोटींच्या मागे पाठवली, अंतर जवळपास पेट्रोलच्या शेवटापर्यंतचं, परतायला रात्र होणार हे माहीत असूनही. शत्रूच्या माऱ्यात गेली २० विमानं. पेट्रोल संपून समुद्रात किंवा अंधारात डेकवर उतरताना गेली सुमारे ८०. ॲडमिरल मिचर यांनी पाणबुड्यांचा धोका पत्करून बोटींचे दिवे लावायला सांगितले, आणि पाण्यात पडलेले बहुतेक लोक नंतर वाचवले गेले. यात मुलांपुढे दोनच निर्णय ठेवायचे, पाठवायचं का आणि दिवे लावायचे का. एवढा चांगला गेम दोन निर्णयांत बसतो.

प्रश्न (वाचक, अमळनेर): टक्केवारीचे नियम वापरायचे तर दहा बाजूंचा फासा लागतो म्हणतात. इकडे दुकानात मिळत नाही. काय करू?

उत्तर: पत्ते घ्या. लाल एक्का ते दश्शी एक गठ्ठा, काळा एक्का ते दश्शी दुसरा. दश्शीला शून्य धरा. लाल पत्ता दशकाचा, काळा एककाचा, दोन्ही शून्य आले तर शंभर. दर वेळी पत्ता परत टाकून पिसायचं, नाहीतर शक्यता बिघडतात. काउंटरसाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची कोरी बाजू उत्तम, आणि मे महिन्यात कूलरसमोर खेळत असाल तर काउंटर जाडच हवेत, नाहीतर एका झोताला अख्खं हवाई दल पलंगाखाली.

प्रश्न (शेती करणारा तरुण वाचक, शहादा): कारगिलचा गेम करतोय. हवाई लढत तर झालीच नाही, मग विमानं पडायचे नियम काय ठेवू? आणि जिंकलं कोण ते कसं ठरवू?

उत्तर: भाऊ, कारगिलमध्ये सगळा खेळ उंचीचा आहे. २६ मे १९९९ ला आपले हवाई हल्ले सुरू झाले. २७ मेला एका मिग-२७ चं इंजिन बंद पडलं आणि पायलट पकडला गेला, त्याला शोधायला खाली गेलेलं मिग-२१ खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्रानं पडलं, त्यात स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा शहीद झाले. २८ मेला एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं, आतले चौघंही गेले. दोन दिवसांत तीन. त्यानंतर हेलिकॉप्टर हल्ल्यातून काढली, विमानं क्षेपणास्त्राच्या टप्प्याच्या वर नेली, आणि मिराज २००० नी लेझर बॉम्ब आणले. पुढच्या काळात शत्रूच्या माऱ्यानं एकही विमान पडलं नाही.

म्हणून तीन उंच्या ठेवा, खालची, मधली, वरची. खालून बॉम्ब अचूक पण क्षेपणास्त्राचे दोन फासे, १० च्या वर विमान गेलं. वरून क्षेपणास्त्र पोचतच नाही, पण साधा बॉम्ब सहा फेऱ्यांत एखादाच लागेल. लेझर बॉम्बवाली मिराज वरूनही अचूक, पण तशी थोडीच द्या. आणि एक बारीक गोष्ट जी बरेच जण सोडून देतात: उंची दरीपासून मोजू नका, शिखरापासून मोजा. ५,००० मीटरच्या शिखरावर क्षेपणास्त्र घेऊन बसलेला माणूस खाली मैदानातल्या माणसापेक्षा तेवढाच वर पोचतो, त्यामुळे नकाशावर शिखराच्या घरात आणि त्याला लागून असलेल्या घरांत मधली उंचीसुद्धा खालची धरायची. एकाच उंचीवर उडणारं विमान दरीवर सुरक्षित आणि शिखराजवळ धोक्यात, हे नकाशावर दिसलं पाहिजे. हेच नियम घेऊन १९७३ चं युद्ध पण करता येईल, तिथे इस्रायलची तीन आठवड्यांच्या आत शंभरेक विमानं गेली, बहुतेक जमिनीवरच्या क्षेपणास्त्र आणि तोफांमुळे, फक्त तिथे वरच्या उंचीवरही मोठी क्षेपणास्त्रं पोचतात.

जिंकण्याचे गुण पडलेल्या विमानांवर मोजू नका. शिखरावरचा तळ, दारूगोळ्याचा साठा, खाली लढणाऱ्या पायदळाला मिळालेली मदत, यांचे गुण द्या, म्हणजे टायगर हिलवर वेळेत बॉम्ब पडला का याला किंमत. गेलेल्या विमानाचे गुण वजा, पकडलेल्या पायलटचे त्याहून जास्त वजा. आणि हवाई दलाला नियंत्रण रेषा ओलांडायची परवानगी नव्हती, ती कायम लागू ठेवा, एक काउंटर जरी पलीकडे गेला तर भारतीय खेळाडू तिथेच हरला. वळायला जागा लागते म्हणून रेषेच्या अलीकडच्या एका घरात शिरलेल्या विमानाला पुढच्या टर्नला वळण्याचा फासा टाकायला लावा, १ आला तर ते ओलांडून जाईल. भारतीय खेळाडूनं त्या घरात शिरायचं की नाही, हाच तुमच्या गेममधला सगळ्यात कठीण निर्णय होईल.